गटात एक माणूस जास्त

"हलू नका. प्लीज. छत्री जरा इकडे घ्या... अजून थोडी. हां, अस्संच!"

माझ्या लाल छत्रीखाली एक उंच, भिजलेला, पूर्ण अनोळखी माणूस घुसला होता आणि माझ्या कानाशी कुजबुजत होता. पाठीमागून चार नंबरची ट्रॅम घंटा वाजवत गेली. ती वळणाआड होईपर्यंत या गृहस्थांनी श्वाससुद्धा सोडला नाही.

"गेली?"

"ट्रॅम? गेली की. तुम्हाला ट्रॅमची भीती वाटते का?"

"ट्रॅमची नाही हो. चालवणाऱ्याची."

एरवी मी खो खो हसले असते. पण त्या दिवशी सकाळपासून माझे हातपाय गार पडले होते. ऑक्टोबरमधला तो ब्रेमेनचा चिवट पाऊस, जो धड पडतही नाही आणि थांबतही नाही, तो अंगावर झेलत मी अकरा वाजायची वाट बघत उभी होते. अकरा ते चार माझी परीक्षा होती. बारा पाहुण्यांना अख्खं जुनं शहर फिरवून दाखवायचं, सात थांबे, प्रत्येक थांब्याची मिनिटं ठरलेली. आणि मागून हातात घड्याळ घेऊन चालणाऱ्या परीक्षक बेरमान बाई.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. वसंतात याच परीक्षेला पहिल्यांदा बसले होते. एका आजोबांची कानटोपी मागच्या थांब्यावर राहिली म्हणून मी ती आणायला धावले. तीन मिनिटं, फार तर चार. परत आले तर बेरमान बाईंनी वही मिटलेली. "वाटाड्यानं गट सोडायचा नसतो," एवढंच म्हणाल्या. नापास! आमच्या वाटाड्यांच्या मंडळात दोनदाच बसता येतं, तिसऱ्यांदा नाही. आणि हे वाटाड्याचं वेड डोक्यात घेऊन मी विमा कचेरीतली कायमची नोकरी सोडलेली. दर रविवारी कॉफी ओतताना आई न चुकता सांगायची, "तुझं टेबल अजून रिकामंच आहे म्हणे."

"मला तुमच्या गटात राहू द्या," तो माणूस म्हणाला. डोळे करडे होते आणि भलतेच काकुळतीला आलेले. "फेरी संपेपर्यंत. काही बोलणार नाही, काही विचारणार नाही."

"शक्य नाही. माझ्या यादीत बारा जण आहेत."

"एक माणूस जास्त झाला तर काय बिघडतं?"

"माझं आयुष्य बिघडतं! आज परीक्षा आहे माझी!"

तेवढ्यात बेरमान बाई आल्याच. राखाडी रेनकोट, राखाडी केस, गळ्यात घड्याळ. त्यांनी पेन्सिलीनं डोकी मोजली. मग पुन्हा मोजली.

"तेरा?"

खरं सांगायचं, तर त्याला तिथल्या तिथे हाकलायला हवं होतं. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे उशिरा आलेले पाहुणे. आयत्या वेळी नाव दिलंय."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल, या काळजीत माझं पहिल्या थांब्यावरचं पहिलं वाक्यच घशात अडकलं.

श्नोअर म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी वस्ती. घरं इतकी खेटून, की एका गल्लीतून छत्री मिटूनच जावं लागतं. मी पुढे चालत घडाघडा बोलत होते... दोरखंड वळणारे लोक, पंधरावं शतक, पुराचं पाणी. तेरावा पाहुणा माझ्या अगदी मागे होता.

"हे सगळं पाठ केलंय का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. स्वप्नात दिसलं. काही विचारणार नव्हता ना तुम्ही?"

"विचारलं कुठे? पण श्वास घ्यायला हरकत नसते म्हणे मध्येमध्ये. त्याचे मार्क कापत नाहीत."

मला त्याचा इतका राग आला... आणि मी श्वास घेतला. पुढचं वाक्य खरंच जरा बरं आलं.

गल्ली संपली, रस्ता ओलांडायची वेळ आली आणि आमच्यासमोरच एक ट्रॅम थांबली. माझ्या हातातली छत्री एकदम खाली ओढली गेली. ट्रॅमच्या चालकानं खिडकीतून मान बाहेर काढून आमचा सगळा गट निरखून पाहिला. छत्रीखाली आमची नाकं एकमेकांपासून वीतभर अंतरावर. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते. हे बघायची माझी ती वेळ होती का? पण दिसले.

"तुम्ही चोर आहात का?" मी कुजबुजले.

"ट्रॅम चालवतो. एन्नो माझं नाव."

"इमके. मग स्वतःच्याच माणसांपासून कसले लपताय?"

"त्यांनी मला पाहिलं, तर दहा मिनिटांत अख्ख्या शहराला कळेल मी कुठे आहे."

"चला, चला!" मागून बेरमान बाईंचा आवाज आला. "दोन मिनिटं उशीर झालाय."

दोन मिनिटं! पुढचे दोन थांबे मी जवळजवळ पळतच पार केले. ब्योट्शरश्ट्रास या गल्लीत चिनी मातीच्या घंटा वाजायला लागल्या, सगळ्यांच्या माना वर गेल्या, तेव्हा कुठे मला घाम पुसायला सवड मिळाली. सगळे घंटांकडे बघत होते. एन्नो सोडून. तो माझ्याकडे बघत होता. मी बघितल्यावर त्यानं घाईघाईनं वर पाहिलं.

"रोज दहा वेळा इथून जवळून जातो," तो जरा वेळानं म्हणाला, "पण थांबून कधी ऐकलं नव्हतं. मला आपलं शहर थांब्या-थांब्यांनी माहीत. दार उघडलं, दार मिटलं, पुढे."

"मग आज तरी ऐका. आणि माझ्यापासून जरा लांब उभे राहा, बाई बघताहेत."

तो एक पाऊल लांब सरकला. आणि मला वाटलं, उगाच बोललो आपण.

दुपारी नदीकाठी जेवायला थांबलो. अर्धा तास, हाही कागदावर लिहिलेला. पाहुण्यांनी टपरीवरून मासे घातलेले पाव घेतले. पासाउहून आलेले एक आजोबा आजींना समजावत होते की हेरिंग कच्ची खाल्ली तरी माणूस मरत नाही. मला घास उतरत नव्हता. एन्नो माझ्या बाकावर येऊन बसला, मधे जागा सोडून, शहाण्यासारखा.

"आज माझा तिसावा वाढदिवस आहे," तो म्हणाला.

मी ब्रेमेनची मुलगी. मला पुढचं सांगावं लागलं नाही. हातातला पाव तसाच धरून मी त्याच्याकडे बघतच राहिले. "आणि लग्न झालेलं नाही!"

"झालेलं नाही."

"म्हणजे ते सगळे तुम्हाला... कॅथेड्रलच्या पायऱ्या झाडायला?" आता मात्र मला हसू आवरेना. आमच्याकडे मुलगा बिनलग्नाचा तिशीला पोचला, की दोस्तमंडळी त्याला कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर नेतात. पायऱ्यांवर बाटल्यांची बुचं ओततात आणि त्याच्या हातात झाडू देतात. लग्न न झालेली एखादी मुलगी येऊन मुका देईपर्यंत त्याची सुटका नाही. "अहो, सगळेच झाडतात! माझ्या भावानं झाडलं. यात पळून जाण्यासारखं काय आहे?"

"तुमच्या भावाचं लग्न मे महिन्यात मोडलं होतं का?"

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"पत्रिका वाटून झाल्या होत्या," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तिनं सांगितलं, नाही जमणार. भांडण नाही, काही नाही. आता सगळ्या आगाराला माहीत आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. लोक हसले तर हसू देत हो. पण तिथे झाडू घेऊन उभं राहायचं आणि कुणी येतंय का बघायचं... कुणी आलंच नाही तर? आणि त्याहून वाईट, कुणी कीव म्हणून आलं तर? माझा मित्र फोक्को आहे ना, त्यानं कुणालातरी ठरवून ठेवलं असणार. मला ठरवलेली नको."

त्याच्या खिशात फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता.

"तुमचा शेवटचा थांबा कोणता?" त्यानं विचारलं.

"कॅथेड्रल," मी म्हटलं. तो दचकला.

"तेवढा एक गाळता नाही येणार?"

"थांबा गाळला की नापास. मार्गाचा कागद बाईंकडे आहे." मी पाव बाजूला ठेवला. "माझी ही शेवटची संधी आहे. खरंच शेवटची."

"मग गाळू नका," तो लगेच म्हणाला. "मी इथूनच सटकतो."

तो सटकणार, या विचारानं माझ्या छातीत जे काही झालं, त्याची मला परीक्षेइतकीच भीती वाटली. बाई गं, तीन तासांची ओळख!

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यानं काढून पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. त्याच्या आईचा निरोप होता. "बाळा, मी लेअरहून आलेय. केक आणलाय. फोक्को म्हणतो तू येशील. पायऱ्यांपाशी उभी आहे, छत्री विसरले. काळजी करू नकोस, वाट बघते."

नदीवरून एक बोट गेली.

"एन्नो," मी म्हटलं, "तू जा."

'अहो' कधी गळून पडलं मला कळलंच नाही. त्याला मात्र कळलं.

"तू येशील ना तिथे?" त्यानं विचारलं.

"पावणेचारला. गट घेऊन. बेरमान बाई घेऊन. चारच्या आत गट सोडला की नापास."

"पावणेचार," तो म्हणाला. उठला, दोन पावलं गेला, मागे वळला, काहीतरी बोलणार होता... आणि नुसता कॉलर वर करून गेला.

"बारा," बेरमान बाईंनी डोकी मोजली. "तेरावे कुठे गेले?"

"त्यांना... घरचं काम निघालं."

बाईंनी पुन्हा वहीत लिहिलं.

पुढचे दोन तास मी काय बोलले, देवाला ठाऊक. डोक्यात एकच घोळत होतं. एवढा वेळ कोण झाडत बसतं? माझ्या भावाला पंचवीस मिनिटांत सोडवलं होतं. आत्तापर्यंत कुणीतरी येऊन गेलं असेल. पाऊस आहे, मुली दयाळू असतात, आणि त्याचे ते डोळे! गेली असेल एखादी. बरंच झालं, बिचारा सुटला, मी स्वतःला सांगायची आणि दुसऱ्या क्षणी घड्याळात बघायची. काटे हलायचे नाव घेत नव्हते.

टाउनहॉलच्या भिंतीशी आमच्या लोककथेतल्या चार प्राण्यांचा पुतळा आहे, गाढवाच्या पाठीवर कुत्रा, त्यावर मांजर, त्यावर कोंबडा. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून मनात इच्छा धरायची असते. पासाउच्या आजोबांनी एकाच हातानं धरले. मी सांगितलं, एका हातानं धरलं की आम्ही म्हणतो, दोन गाढवं हात मिळवताहेत. आजी इतक्या हसल्या, की बेरमान बाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. मग सगळे म्हणाले, आता तुम्ही धरा. मी धरले. सहा महिने एकच इच्छा तयार ठेवली होती, 'पास होऊ दे'. ती बाजूलाच राहिली. मनात आलं, चारच्या आधी त्याला कुणी सोडवू नये. काय हा स्वार्थीपणा! बिचारा पावसात, त्याची आई पावसात, आणि मी हे मागते! मी चटकन हात सोडले.

बाजारचौकात रोलांडच्या पुतळ्यापाशी पोचलो, तेव्हा हातपेटीचे सूर ऐकू आले. मान वळवायची नाही असं ठरवलं होतं. वळलीच. समोर कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर गर्दी होती आणि गर्दीच्या मधे काळा कोट, उंच हॅट, हातात जेमतेम वीतभर ब्रश. तिथेच होता! त्याला माझी लाल छत्री दिसली असावी. त्यानं हॅट काढली आणि परत घातली. माझं रोलांडवरचं भाषण तिथेच तुटलं आणि सापडेना.

"इमके, वेळ जातोय," बेरमान बाई म्हणाल्या.

पावणेचारला आम्ही पायऱ्यांखाली उभे राहिलो. पंधरा मिनिटं बोलायचं, मग आभार, मग फेरी संपली. तोवर गटापासून हलायचं नाही. मी दोन मनोऱ्यांपासून सुरुवात केली, पण ऐकतंय कोण? सगळे वर बघत होते.

"अहो ताई," पासाउचे आजोबा म्हणाले, "मनोरे राहू देत. तो माणूस काय करतोय?"

हे माझ्या कागदावर नव्हतं. मी बेरमान बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोरा. मग मी कागद खिशात घातला आणि सांगायला लागले. बुचं कुठून येतात, मित्र वर्षभर कशी साठवतात, झाडू मुद्दाम टक्कल पडलेला का देतात. ढीग पूर्ण होत आला की मित्र लाथ मारून परत कसा सांडतात. ढीग पुरा झाल्याशिवाय मुलीनं पुढे यायचं नसतं. "आणि कुणी यावं, कुणी येऊ नये, हे त्याच्या हातात नसतं," मी म्हटलं. "सगळ्या शहरासमोर नुसतं उभं राहायचं असतं त्यानं. हसणाऱ्यांना वाटतं गंमत आहे. पण त्याला धैर्य लागतं हो. मला तर जमलं नसतं."

आजींनी आजोबांचा हात धरला होता. आणि तेव्हाच मला ती दिसली.

ठरवलेली. हँडबॉलच्या जर्सीत, उंच, देखणी, पायऱ्यांच्या कडेला उभी राहून ओठांना लिपस्टिक लावत होती. "स्वांत्ये, तयार राहा!" एक दाढीवाला ओरडत होता, तोच फोक्को असणार. "शेवटची पायरी राहिलीय!"

घड्याळात तीन त्रेपन्न. सात मिनिटं! धावत गेले तर दहा सेकंदांचं अंतर. आणि गेले, तर वही मिटली, ते टेबल, ती कचेरी, जन्मभर. मी जागेवरून हलले नाही. तोंड बोलत होतं, खिडक्या, तळघर, आणखी काहीतरी. डोळे फक्त ब्रशवर.

एन्नोनं शेवटची बुचं ढिगात लोटली. स्वांत्ये एक पायरी चढली. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग बेरमान बाईंच्या हातातल्या घड्याळाकडे.

आणि त्यानं स्वतःच ढिगाला लाथ मारली.

खळ्ळकन सगळी बुचं पायऱ्यांवरून खाली घरंगळली. गर्दी गपकन थांबली.

"अरे, वेड लागलं का तुला?" फोक्को किंचाळला. "आम्ही सांडायचं असतं! तू नाही!"

"पाय लागला," एन्नो म्हणाला आणि मुकाट्यानं पहिल्या पायरीपासून झाडायला लागला.

अकरा वाजल्यापासून झाडूच्या भीतीनं पळणारा हा माणूस... तीन छप्पन्नला ढीग पुन्हा पुरा होत आला. त्यानं पुन्हा लाथ मारली. आता लोक हसायला लागले. त्याची आई केकचा डबा छातीशी धरून म्हणाली, "एन्नो, अरे, असं काय करतोस?" स्वांत्येनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या नजरेच्या रेषेत खाली माझ्याकडे पाहिलं. लिपस्टिकचं टोपण लावलं.

"फोक्को," ती म्हणाली, "तुला काही दिसतं का रे कधी?"

तीन अठ्ठावन्न. एकोणसाठ. "आपण सगळे पावसात एवढं चाललात," मी म्हटलं, "त्याबद्दल मनापासून आभार. फेरी... इथे संपली."

बेरमान बाईंनी घड्याळाची कळ दाबली. "चार. इमके, तुमचा निकाल..."

"नंतर, बाई!"

छत्री आजींच्या हातात कोंबून मी धावले. बुचांवरून पाय घसरला, सावरला, पुन्हा घसरला. त्याच्या दोन पायऱ्या खाली येऊन थांबले. एवढी माणसं! हातपेटीवाल्यानंही हात थांबवला होता.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"माझं तरी कुठे उरकलंय?" हॅटच्या कडेवरून पाणी गळत होतं. "इमके... कीव म्हणून आली असशील, तर आत्ताच सांग."

"कीव? दोन तास माझा जीव टांगणीला लागला होता, दुसरी कुणी येईल म्हणून! कीव कसली, नुसता मत्सर!"

तो हसला. दिवसभरात पहिल्यांदा, पूर्ण. मी उरलेल्या दोन पायऱ्या चढले.

ओठ गार होते, पावसाचे. मग नव्हते. खालून कुणीतरी शिट्टी मारली, ट्रॅमच्या घंटा एकदम वाजायला लागल्या, बहुतेक दोन-तीन चालकांनी गाड्याच थांबवल्या असाव्यात. पासाउचे आजोबा टाळ्या वाजवत होते.

एन्नोनं एकदम मान मागे घेतली. चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त काळजी. "परीक्षेचं काय झालं?"

"विचारलंच नाही."

"विचारलं नाहीस?" त्यानं हॅट काढली आणि पायऱ्यांवरून, सगळ्या शहराच्या डोक्यावरून ओरडला, "अहो बाई! ही पास झाली का?"

सगळे वळून बघायला लागले. बेरमान बाईंनी सावकाश वही मिटली, बॅगेत ठेवली, बॅगेची चेन लावली. मी एन्नोची बाही घट्ट धरली होती.

"झाली," त्या म्हणाल्या. "आता ती बुचं गोळा करा. लोकांचे पाय घसरतील."

मी रडतही होते आणि हसतही होते. एन्नोनं ब्रश माझ्या हातात दिला, स्वतः कोटाची बाही पुढे ओढून हातानं बुचं लोटायला लागला, आणि वरच्या पायरीपासून आम्ही झाडायला सुरुवात केली.